शिडाचे मागचे टोक

कौल उजवा पडला, आणि मंदिरात जी शांतता पसरली ती भक्तीची नव्हती.

भैरोबाच्या उजव्या खांद्यावर लावलेले फूल खाली पडले होते. नाव माझे होते. महादू गुरवाने ते फूल उचलून कपाळाला लावले आणि माझ्याकडे पाहिले. मग त्याची दृष्टी माझ्या चेहऱ्यावरून हळूहळू खाली घसरत माझ्या उदरापाशी आली व तेथेच थांबली. सभामंडपात बसलेल्या समस्त ग्रामस्थांची दृष्टी त्याच्या आधीच तेथे जाऊन पोचली होती.

"आनी एकदा लावायचं का फूल?" आप्पासाहेब जगदाळे हळूच म्हणाले. आप्पासाहेब हे यात्रा कमिटीचे प्रमुख आणि सात मानकऱ्यांपैकी पहिले.

"देवाला दोनदा इचारायचं न्हाई," गुरव म्हणाला. "त्यानं एकदा ऐकलंय, एकदा सांगितलंय."

"ऐकलंय खरं. पर बघितलंय का?"

मी खाली मान घालून उभा होतो. भिकोबा यशवंत खामकर, शिक्षण सातवी, हुद्दा ग्रामवाचनालयाचा शिपाई. पुस्तकांवरील धूळ झटकता झटकता त्यांतील पुष्कळसे शब्द माझ्या अंगाला चिकटले होते, आणि शब्दांखेरीज इतरही बरेच काही अंगाला चिकटले होते, हे मी नाकारत नाही.

ज्यांना आमचे आंबेखोप गाव ठाऊक नाही त्यांच्यासाठी येथे थोडे निवेदन करणे अगत्याचे आहे. चैत्रात आमच्याकडे भैरोबाचे बगाड निघते. दगडी चाकांचा गाडा, त्यावर उंच खांब आणि खांबाच्या माथ्यावर आडवे टाकलेले, वरखाली होणारे एक प्रचंड लाकूड. त्या लाकडाला शीड म्हणतात. ज्याने नवस बोललेला असेल व ज्याला कौल मिळाला असेल तो बगाड्या. त्याच्या कमरेला शेला गुंडाळून त्याला शिडाच्या पुढच्या टोकास बांधतात. मागच्या टोकाच्या दोरांना सात घराण्यांचे सात मानकरी लोंबकळतात. मागचे टोक खाली येते, पुढचे वर जाते, आणि पाय जमिनीवरून सुटताच बगाड्याने आपला नवस मोठ्याने सर्वांना ऐकवायचा. तोवर तो कोणासही, प्रत्यक्ष पत्नीसही, सांगायचा नाही. मानकरी सातच. आठव्या माणसाने दोराला हात लावायचा नाही. आणि शीड उचलले गेले नाही, तर देवाला नवस मान्य नाही असे समजतात व जे दिले असेल ते देव परत नेतो.

मला जे दिले गेले होते, ते परत करण्याची माझी तयारी कोणत्याही परिस्थितीत नव्हती.

मंडपाच्या कडेला ठेवलेल्या शिडाच्या टोकावर थाप मारून ज्ञानू सुतार म्हणाला, "लाकूड सागवानी हाय, मोडायचं न्हाई. पर उचलायचं कुनी?"

एकजण खोकला, एवढेच.

घरी आलो तेव्हा माझी पत्नी इंदुमती चुलीपुढे पाटावर बसली होती. ती बसली की पाट दिसत नसे. तिच्या भरल्या दंडावर भाकरीचे पीठ उडालेले होते. मी कौलाची वार्ता तिच्या कानी घातली.

"मजा हाय की," ती म्हणाली. "म्हंजे म्हैनाभर रोज येगळ्या घरी जेवायचं, आन् मला चुलीपासनं सुटका. पर काय वं, मागितलं काय देवाजवळ?"

"ते सांगता येत नाही."

"दुसरी बायकू मागितली आसंल."

"इंदू, हे अभद्र भाषण मुखावाटे काढू नकोस."

"मग म्हस?"

"जे मागितले ते मला प्राप्त झालेले आहे. आता केवळ फेडायचे राहिले आहे."

"घावलंय?" तिने फळीवरच्या भांड्यांपासून कोपऱ्यातल्या कणगीपर्यंत सगळे घर नजरेने धुंडाळले. "मग मला कुटं दिसत न्हाई ते!"

तिने एक भाकरी माझ्यापुढे टाकली व दुसरी थापू लागली, आणि तिच्या बांगड्या तिच्या मनगटात घट्ट बसल्या होत्या त्या तशाच राहिल्या, वाजल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी आप्पासाहेब मला घेऊन आरोग्य उपकेंद्रात गेले. तेथे त्या वर्षी रेवती मॅडम म्हणून डॉक्टरीणबाई आल्या होत्या, अमरावतीकडच्या. गावाचे वजन कमी करावे व गावाला हालचालीची सवय लावावी असा एक कार्यक्रम त्या शासनाकडून घेऊन आल्या होत्या. रोज सकाळी गळ्यात शिटी अडकवून त्या मारुतीच्या पटांगणात उभ्या राहत. कार्यक्रमास नियमाने हजर राहणारा एकमेव जीव म्हणजे आप्पासाहेबांची शेळी. गावाचे म्हणणे असे, की लठ्ठपणा शहरात असतो. आमच्याकडे असते ते खाऊनपिऊन सुखी असल्याचे लक्षण.

"म्याडम," आप्पासाहेब म्हणाले, "एक मानूस उतरवायचाय."

"कुठून? झाडावरून?"

"न्हाई. वजनातनं."

मॅडमनी मला पाहिले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जी प्रसन्नता उमटली ती वर्णन करणे माझ्या शक्तीबाहेरचे आहे. इतके दिवस शेळीबरोबर काढल्यावर त्यांना अखेर कामाचे काही दिसले होते. त्यांनी मला घड्याळासारख्या गोल चकतीच्या वजनकाट्यावर उभे केले. काटा सरसर फिरला, शेवटचा आकडा ओलांडून पुन्हा आरंभापाशी आला व तेथे थरथरत थांबला.

आप्पासाहेब वाकून पाहत होते. "नऊ किलो!" ते हर्षाने ओरडले. "आवं, उतरलं की!"

"काका, काटा एक चक्कर मारून आला," मॅडम म्हणाल्या. मग त्या गंभीर झाल्या. "हे पाहा, एकट्या माणसाचं वजन उतरत नसते. एकटा माणूस तीन दिवसांत सोडून देते. सोबतीनं चाललं पाहिजे, सोबतीनं घाम गाळला पाहिजे. तरच कार्यक्रम लागू पडते."

"सोबत आमच्या रिवाजातच हाय," आप्पासाहेब म्हणाले. "कौल पडल्यावर बगाड्यानं एकट्यानं पाऊल टाकायचं न्हाई. आमी सातजन त्येच्या बरोबर आसतोच."

"मग झालं की! सातही जण चाला."

ते सात मानकरी म्हणजे गावातील भारदस्त मंडळी होती. सातजण देवळापुढच्या बाकावर बसले की बाक कण्हत असे. नाथाजी निकम तर इतके भारदस्त होते की बाकावरून उठताना ते बाकासह उठत. या सातही जणांनी देवासाठी म्हणून होकार दिला.

तेव्हापासून आंबेखोपला जे सुरू झाले, त्याची आठवण झाली की माझे पाय अद्यापही दुखतात. पहाटे हलगीवाला कडकड करीत पुढे, मॅडम शिटी फुंकीत बाजूला आणि मधोमध मी. समोर टेकडी. दोन मानकरी माझे हात धरून पुढे ओढीत, चारजण पाठीस खांदे लावून मागून रेटीत, आणि आप्पासाहेब, वयाने वडील म्हणून, "लावा जोर! लावा जोर!" असे ओरडत. टेकडीच्या माथ्यावर पोचलो की मी म्हणे, "निसर्गशोभा किती रम्य आहे!" आणि मानकरी जमिनीवर पालथे पडून तिच्याकडे पाठ करीत.

"उठा काका, उड्या मारा!" मॅडम शिटी वाजवीत. "हात वर! पाय बाजूला!"

"पाय बाजूला घेतला की धोतर बी बाजूला जातंय!" नाथाजी कळवळून म्हणत.

"मग पायजमा घाला!"

"नवसाला पायजमा चालत न्हाई, म्याडम!"

हे ऐकून गावातील पोरेसोरे, लेकीसुना, अगदी म्हातारीकोतारीसुद्धा पाहावयास येऊ लागली. पाहता पाहता हलगीच्या ठेक्यावर तीही हात वर करू लागली. शेळी मात्र येईनाशी झाली. बहुधा गर्दी तिला रुचली नसावी.

परंतु खरी गोष्ट टेकडी उतरल्यावर घडे. बगाड्याला रोज एका घरचे ताट असते. त्या ताटाला नाही म्हणायचे नसते आणि त्यात काही टाकायचे नसते, कारण बगाड्याच्या मुखाने देव जेवतो. एका घरी पुरणपोळ्या झाल्या, की दुसऱ्या घरची मालकीण बासुंदीही करी. तिसऱ्या घरी तेलच्या आणि गुळवणी. जगदाळ्यांच्या सूनबाईंनी तुपाची धार अशी धरली की मला वाटले त्या तांब्या माझ्या ताटात विसरून गेल्या. आणि मानकऱ्यांचा नेम उलट. त्यांनी एकवेळ जेवायचे, तेही बगाड्याचे झाल्यावर, आणि तेही भाकरी व आळणी भाजी. सातजण माझ्यासमोर रांगेने बसून माझ्या प्रत्येक घासाकडे पाहत. मी संकोचून सावकाश खाई. त्यामुळे त्यांचा उपास लांबे.

एकदा रेवती मॅडम ऐन जेवणाच्या वेळी आल्या. त्यांनी ताट पाहिले आणि त्यांच्या हातातली शिटी खाली पडली.

"भाऊ! हे काय खाऊन राहिले तुम्ही?"

"मी खात नाही, मॅडम," मी विनयाने म्हणालो. "देव खातो."

"मग वजन देवाचं वाढायला पाहिजे ना! तुमचं काहून वाढून राहिलं?"

मॅडमनी घरच्या मालकिणीला हात जोडले. "मावशी, उद्यापासून भाऊंना काकडी द्या, मूग द्या, ताक द्या."

"देवाला काकडी?" मावशींनी डोळे वटारले. "आवं, माझ्या घरचं ताट आन् त्यात काकडी? शेजारनीनं काल बासुंदी वाढली. उद्या गावात माझं नाव काय ऱ्हाईल?"

मी स्वतः प्रयत्न केला नाही असे नाही. एका दुपारी मी अर्धी पोळी धोतराच्या सोग्यात लपविली. परंतु ती लपवत असताना अशी भीती वाटली, की देव पाहत असेल. पोळी चोरली म्हणून रागावेल आणि दिलेले परत नेईल. मी ती बाहेर काढली आणि डोळे मिटून खाल्ली. तूप लावून खाल्ली, कारण कोरडी गिळवेना.

अशा रीतीने दिवस लोटत गेले. मानकऱ्यांचे सदरे त्यांना मोठे झाले. नाथाजींना त्यांच्याच कुत्र्याने ओळखले नाही. नाथाजी फाटकात शिरताच कुत्रे त्यांच्यावर धावून गेले. आप्पासाहेबांच्या बोटातली वंशपरंपरागत अंगठी हात धुताना गळून मोरीत गेली. बाक कण्हेनासा झाला. आणि मी, मला सांगावयास लाज वाटते, मी मॅडमच्या काट्यावर उभा राहिलो की तो पहिल्या चकरीने समाधान न मानता दुसरीस बराच पुढे जाई.

यात्रेच्या आदल्या दिवशी मॅडमनी पटांगणात सर्वांची वजने घेतली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. "असं यश मी पाहिलं नाही," त्या म्हणाल्या. "अख्खं गाव उतरलं. कार्यक्रम लागू पडला!"

"आन् बगाड्या?" गुरवाने विचारले.

मॅडमनी माझ्याकडे पाहिले. "प्रत्येक कार्यक्रमात एखादा राहतेच," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

यात्रेचा दिवस उजाडला. गुलाल उधळला, हलग्या वाजल्या, बैल सजले. माझ्या कमरेला शेला गुंडाळण्यात आला. तो पुरेना म्हणून दुसरा जोडला. शिडाच्या पुढच्या टोकाशी मला बांधले, खाली कडब्याच्या पेंढ्या पसरल्या आणि ज्ञानू सुताराने खांबावर तेल सोडले. मी मनातल्या मनात माझे भाषण घोळवीत होतो. नवस सांगताना शोभेल असे एक उत्तम भाषण मी महिनाभर खपून तयार केले होते. त्यात 'कृतार्थता' हा शब्द तीन ठिकाणी होता.

"धरा दोर!" गुरव ओरडला.

सातही मानकऱ्यांनी दोर धरले आणि पाय उचलून स्वतःस झोकून दिले.

काही झाले नाही. सातजण हवेत लोंबकळत राहिले आणि माझे दोन्ही पाय जमिनीवर शांतपणे उभे राहिले. वाऱ्याची झुळूक आली तसे ते सातजण दोरीवर वाळत घातलेल्या धोतरांसारखे एका बाजूला हलले.

"हिसका द्या!" आप्पासाहेब हवेतून ओरडले. सातांनी हिसके दिले. माझ्या टाचा उचलल्या गेल्या, आणि पुन्हा टेकल्या.

तेव्हा ज्ञानू सुताराच्या तोंडून ते वाक्य निघाले, जे महिनाभरात आमच्यापैकी कोणालाही सुचले नव्हते.

"आवं, उतरवायचा हुता त्यो ऱ्हायला, आन् वजन घालायचं हुतं ते तुमीच उतरलासा की!"

सर्व गाव मॅडमकडे पाहू लागले. मॅडम म्हणाल्या, "मला कोणी सांगितलं का, की मागच्या टोकाला वजन पाहिजे?" आणि हे खरे होते. आम्हाला ते इतके ठाऊक होते की सांगावे असे कोणाच्या मनातच आले नाही.

"आठवा चढवा!" गर्दीतून कोणी ओरडले.

"आठवा चालत न्हाई!" गुरवाने हात आडवा केला. "सात म्हंजी सात. न्हाई उचललं तर देवाला मान्य न्हाई. सोडा शेला."

मी शिडाला दोन्ही हातांनी मिठी मारली. "महादू, शेला सोडू नकोस," मी म्हणालो. "हवे तर मला संध्याकाळपर्यंत बांधून ठेव. मला उपाशी ठेव. पण शेला सोडू नकोस. ते परत नेईल रे तो!"

तोच गर्दी दुभंगली आणि इंदुमती पदर खोचीत पुढे आली.

"महादूभावजी, मला एक सांगा. सत्यनारायनाला आमी जोडीनं बसतो, तवा किती जन धरता?"

"जोडी म्हंजी एकच की वैनी. संकल्प एकाचाच."

"दक्षिना एकाचीच घेता का दोघांची?"

"एकाचीच."

"मग मी आठवी कशी? मी ह्यांच्यातच धरल्याली हाय. ह्ये फुडं बांधल्यात, मी मागं बसते. मानूस एकच."

गुरवाने तोंड उघडले, मिटले, देवळाच्या कळसाकडे पाहिले, पुन्हा उघडले. "पर बगाड्याचा भार मानकऱ्यांनीच उचलायचा..."

"मग त्येच उचलत्यात की! मी नुसती बसते."

"बसा!" आप्पासाहेब वरून ओरडले. त्यांच्या हातांना रग लागली होती.

"इंदू," मी म्हणालो, "तुला ठाऊक तरी आहे का, काय परत जाणार आहे ते?"

"मला काय ठावं! तुमी सांगाल तवा ना!" मागच्या टोकाच्या दोराचा फास ती पाळण्यासारखा चाचपून पाहत होती. "पर एकदा घरात आल्यालं म्या परत द्यायची न्हाई. देवाला बी न्हाई."

एवढे बोलून ती बसली.

मी आजवर अनेक पुस्तकांत आकाशास भिडण्याची वर्णने वाचली आहेत. ती सर्व खोटी आहेत. आकाश असे हळूहळू येत नाही. माझे पाय जमिनीवरून सुटले न सुटले तोच देवळाचा कळस माझ्या बरोबरीला आला, टेकडी खाली गेली, गावातील घरांची कौले माझ्या पायांखाली पसरली. हलग्यांनी एकच कल्लोळ केला आणि मग एकदम थांबल्या. आता नवस ऐकवायचा होता. सर्व चेहरे वर झाले होते. खाली, दूर, मागच्या टोकाला, सात वाळक्या माणसांच्या मधोमध इंदुमती दोराच्या पाळण्यात ऐसपैस बसली होती व तीही मान वर करून माझ्याकडे पाहत होती.

मी भाषण आठवू लागलो. त्यातले एकही अक्षर जागेवर नव्हते.

"मागं कावीळ झाल्ती!" मी ओरडलो. "इंदूला! डाक्टरनं हात टेकलं हुतं! बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या तिच्या! म्या तिला उचलून गाडीत घातली, तर हातात कायच न्हाई, नुसतं लुगडं उचलल्यागत! तवा म्या देवाला म्हनालो, हिला जगू दे! आन् नुसती जगू देऊ नगं, चांगली जाड हुं दे! पाट मोडंल इतकी जाड हुं दे, मी तुजं बगाड घीन! दिलंस देवा तू! लई दिलंस!"

खाली रेवती मॅडमनी शिटी तोंडाशी नेली आणि न वाजवता खाली घेतली.

मग इंदुमतीने दोन्ही हातांनी पदर डोळ्यांना लावला.

दोन्ही हात पदराकडे गेल्यावर दोराकडे कोणताही हात उरत नाही, ही गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. माझ्या आली. ती पाळण्यातून अलगद घसरून जमिनीवर बसली, सातही मानकरी किंचाळत आकाशाकडे निघाले आणि टेकडी, कौले, कळस हे सर्व आले तसेच परत गेले. मी कडब्यावर पडलो. कडब्याखाली शेळी नव्हती, हे देवाचे उपकार.

डोळे उघडले तेव्हा गुरव माझ्यावर वाकला होता. "पाय सुटलं, नवस बोलला," तो जाहीर करीत होता. "फिटला!"

वरून आप्पासाहेबांचा क्षीण आवाज आला, "आमाला उतरवा की रं कुनीतरी!"

मग गुरवाच्या जागी इंदुमतीचा चेहरा दिसला. तिचे नाक लाल झाले होते.

"येवढंच मागितलं हुतं?" ती म्हणाली.

"एवढेच."

"आन् म्या म्हस हुडकत हुते." तिने माझ्या दंडाला धरून मला उठवून बसविले, मला एकटीने उठविणारी गावात तीच. "लागलं का कुटं?"

"नाही."

"मग चला घरी. म्हैनाभर लोकाघरी जेवलासा."

मला भरून आले. "काय केले आहेस आज?"

"दुधी."

"दुधीचा हलवा?"

"उकडल्याला दुधी. म्याडमनं सांगितलाय. रोज त्योच हाय आता. तुमी जगला पायजे, मी बी काय तरी मागितलंय."

मी तिच्याकडे पाहिले. ते काय, कधी, कोणत्या देवाकडे, हे मी विचारले नाही. नवस फिटेपर्यंत विचारायचे नसते. मी निमूटपणे चालू लागलो. मागोमाग सातही मानकरी, नुकतेच खाली उतरविलेले, एकमेकांना धरून चालू लागले, कारण शेला सुटेपर्यंत बगाड्याने एकट्याने पाऊल टाकायचे नसते. त्या दुपारी आमच्या घरी आम्ही नऊजणांनी दुधी खाल्ला. इंदुमतीच्या ताटात मात्र मी माझ्या हाताने तूप वाढले, आणि तिने नको म्हटले तरी धार थांबविली नाही.